पंडिता रमाबाई : शास्त्रग्रंथांपासून शुभवर्तमानापर्यंतचा खडतर प्रवास

संस्कृत विद्येच्या परंपरेत वाढलेल्या आणि इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे चर्चच्या अधिकारालाही तितक्याच निर्भयपणे प्रश्न विचारले. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र धर्मग्रंथ कोणी वाचावा आणि त्याचा अर्थ कोणी सांगावा, या प्रश्नाशी त्यांनी आयुष्यभर केलेला झगडा तुलनेने अपरिचित राहिला आहे.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा उतारवयात आत्मसात करून त्यांनी सुमारे सतरा-अठरा वर्षे या कामाला दिली. समाजसुधारक, संस्कृत पंडिता, परित्यक्ता व विधवांच्या आश्रयदात्या अशी त्यांची ओळख सर्वांना आहे. परंतु या साऱ्या कार्यामागे जी आध्यात्मिक तळमळ होती, तिचा मागोवा घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

वनातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. आज हा भाग कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण कुळातील विद्वान होते. अनंतशास्त्रींचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. स्त्रियांनाही देववाणी शिकता येते, हे तरुण अनंतशास्त्रींनी तेथे प्रत्यक्ष पाहिले आणि तोच प्रयोग आपल्या घरी करण्याचा निश्चय केला.

त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्यास आरंभ करताच विरोध सुरू झाला. पंडितांच्या सभेसमोर त्यांना आपल्या वर्तनाचा जाब द्यावा लागला. अनंतशास्त्रींनी धर्मग्रंथांतील आधार एकत्र करून आपली बाजू मांडली. वेदांचा अधिकार स्त्रीला नाही हे त्यांनाही मान्य होते. काव्ये, पुराणे व इतर वाङ्मय शिकण्यास मात्र शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ग्रंथाचा आधार ग्रंथानेच तपासण्याची ही रीत लहानग्या रमेला घरातच मिळाली.

आश्रमात येणाऱ्या यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात अनंतशास्त्री कर्जबाजारी झाले. रमा अवघ्या सहा महिन्यांची असताना कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थाटनास आरंभ केला. देवळांच्या आवारात पुराण सांगावे, श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्री निघावे, असा त्यांचा क्रम होता. आईने वाटेतच मुलीला शिकविले. भागवताचे हजारो श्लोक रमेला लहानपणीच मुखोद्गत झाले.

१८७० च्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाची धूळधाण केली. भिक्षा मागणे विद्वानाला कमीपणाचे वाटे आणि अंगमेहनतीचे काम कोणालाच येत नव्हते. व्रते, उपास, दाने आणि तीर्थस्नाने करूनही अन्न मिळेना. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचा मृत्यू झाला. मागे राहिलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हे दोघे हजारो मैल पायी हिंडले. शास्त्रात सांगितलेले सर्व काही यथासांग करूनही देव प्रसन्न झाला नाही, ही जाणीव या काळातच भावंडांच्या मनात रुजली. रमाबाईंच्या पुढील सर्व शोधाचा उगम येथे आहे.

कोलकात्यातील सन्मान आणि पहिली शंका

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्यास पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण कन्या अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तेथील विद्वज्जन थक्क झाले. परीक्षेअंती त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या देण्यात आल्या.

याच शहरात त्यांचा ख्रिस्ती उपासनेशी प्रथम संबंध आला. एका मेळाव्यात जमलेले लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकत असल्याचे पाहून ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करीत असावीत, असे या भावंडांना वाटले. तेथे त्यांना संस्कृतातील बायबल भेट मिळाले. मात्र त्यातील भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृताहून इतकी निराळी होती, आणि शिकवण इतकी अपरिचित, की ते वाचणे त्यांना व्यर्थ वाटले. संस्कृत हीच जिची जवळजवळ मातृभाषा होती, तिलाही त्या भाषांतराचा अर्थ लागू नये, ही घटना पुढील आयुष्याच्या दृष्टीने लक्षणीय ठरली.

कोलकात्यातील पंडितांनी त्यांना अंतःपुरातील स्त्रियांसमोर शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्याची विनंती केली. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्रे नव्याने अभ्यासली. इतर असंख्य बाबतींत परस्परविरोधी असलेले हे ग्रंथ स्त्रीला हीन लेखण्यात आणि तिला स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाकारण्यात मात्र एकमत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचले आहेत काय असे विचारले, आणि स्त्रीला तो अधिकार नसल्याचे उत्तर मिळताच वेदाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. वडिलांनी आखलेली मर्यादा रमाबाईंनी तेथे ओलांडली. वेद आणि उपनिषदे वाचल्यानंतर त्यांची रूढ धर्मावरील श्रद्धा अधिकच डळमळली.

सिल्चरमधील शुभवर्तमान

१८८० च्या मे महिन्यात श्रीनिवास यांचे ढाक्यात निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी श्रीनिवास यांचे मित्र, बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय असल्याने त्या काळी फार गाजला. दांपत्याचे वास्तव्य आसामातील सिल्चर येथे होते. १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म झाला. पण ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबिहारी पटकीने दगावले आणि रमाबाईंचा संसार दोन वर्षांच्या आतच संपुष्टात आला.

सिल्चरच्या घरातील पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी प्रत सापडली होती. संस्कृत बायबलाने जे साधले नव्हते, ते बोलीला जवळ असलेल्या या पुस्तिकेने साधले. त्यांचे कुतूहल जागृत झाले. आयझॅक ॲलन हे बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांना बायबलातील वृत्तांत समजावून सांगू लागले. बिपिनबिहारी यांचे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले होते. तरी पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे, हे त्यांना रुचणारे नव्हते.

वैधव्यानंतर रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. महादेव गोविंद रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने, पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर, त्या १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. धर्मांतर करण्याचा आपला विचार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी सांगितले होते.

वाँटेजचा मठ

इंग्लंडमध्ये त्यांचा मुक्काम वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात होता. या संस्थेचे काम पुण्यातही चाले. भगिनींनी रमाबाईंना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे दंड न करता सांभाळले जाई, त्यांना कामधंदा शिकविला जाई आणि पुन्हा सन्मानाने उभे राहण्यास साहाय्य केले जाई. अशा स्त्रियांविषयी धर्मशास्त्रांत केवळ कठोर शिक्षाच वाचलेल्या रमाबाईंना हे दृश्य सर्वस्वी नवे होते.

या करुणेचे मूळ कोठे आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, तिच्या पूर्वायुष्याची त्याला जाणीव आहे, आणि तरीही उपासनेचे गूढ तो तिलाच उलगडून सांगतो, असा तो प्रसंग आहे. जातीने परकी, चारित्र्याने कलंकित आणि शिवाय स्त्री, अशा व्यक्तीला जीवनाचे पाणी देऊ करणारा गुरू रमाबाईंना यापूर्वी कोणत्याही ग्रंथात भेटला नव्हता. काशीच्या विद्वान परंपरेतून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या बौद्धिक शंकांचे काही अंशी निरसन झाले.

या काळातच एक दुर्दैवी घटना घडली. रमाबाईंसमवेत आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी मानसिक ताणाखाली आत्महत्या केली. धर्मांतराविषयीच्या भीतीने त्यांचे मन पोखरले होते, असे मानले जाते. त्यानंतर अल्पावधीतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता महाराष्ट्रात येताच संतापाची लाट उसळली. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांपैकी अनेकांना हा विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मधील 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू उचलून धरली.

चर्चच्या अधिकाराला आव्हान

बाप्तिस्म्याने रमाबाईंचा शोध थांबला नाही. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये शिकू व शिकवू लागल्या. वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडावा लागला होता. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. पुढे १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका नवख्या ख्रिस्ती स्त्रीने इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चशी घातलेला हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या धर्मेतिहासातील मोलाचा दस्तऐवज मानला जातो.

वादाचे मुद्दे साधे नव्हते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना सहजी पटेना. उपनिषदांतील एकमेवाद्वितीय ब्रह्माची कल्पना ज्यांच्या मनात मुरली होती, त्यांना तीन व्यक्तींचा एक देव म्हणजे पुन्हा अनेक देवांकडे वळणे वाटले. येशूच्या कुमारीपोटी झालेल्या जन्माविषयीही त्यांना शंका होत्या. चर्चने शतकांपूर्वी मुक्रर केलेले मतांगीकार बायबलात शब्दशः कोठे आहेत, असा त्यांचा प्रश्न होता. ख्रिस्ती लोकांत इतके पंथ असताना त्यांपैकी एकाचीच शिकवण संपूर्ण सत्य कशी, हेही त्यांना उमजत नव्हते. गळ्यातील क्रूसावरील अक्षरे लॅटिन असण्याऐवजी संस्कृत असावीत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या देशबांधवांना न कळणाऱ्या भाषेने ख्रिस्त परका ठरतो, असे त्यांना वाटे.

भगिनी जेराल्डीन यांना या प्रश्नांत अहंकार दिसला. नवशिक्या शिष्येने आधी विनयाने ऐकावे व मग समजून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. बील यांची भूमिका अधिक समंजस होती. प्रामाणिक शंका दडपून श्रद्धा वाढत नाही, हे त्या जाणून होत्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा प्रस्ताव पुढे येताच हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. मायदेशी परतल्यावर त्यांच्या प्रतिष्ठेला बाध येईल, असे कारण देण्यात आले. आपल्याविषयीचे निर्णय आपल्यावाचून इतरांनी घ्यावेत, ही गोष्ट रमाबाईंनी ठामपणे नाकारली. एका पुरोहितवर्गाच्या दास्यातून महत्प्रयासाने सुटल्यानंतर दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या आज्ञेत राहण्यास त्या तयार नव्हत्या. बायबल हाच आपला आधार आहे आणि ईश्वराने दिलेल्या विवेकबुद्धीचा त्याग करून ते वाचता येत नाही, अशी त्यांची धारणा होती.

या भूमिकेची किंमत लहान नव्हती. स्वदेशातील समाज दुरावला होता आणि नव्या धर्मकुटुंबातील वडीलधाऱ्यांची मर्जीही राहिली नव्हती. परदेशात लहान मुलीसह राहणाऱ्या, दुसऱ्यांच्या आश्रयावर अवलंबून असलेल्या या विधवेला गप्प राहणे सोयीचे ठरले असते.

अमेरिका, शारदा सदन आणि उघडे दार

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक तीत एकत्र आले होते. विधवांसाठी काढावयाच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे असोसिएशनने मान्य केले. शाळेत धर्मोपदेश होणार नाही, हे त्यामागील तत्त्व होते.

त्यानुसार ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत.

बाह्यतः कार्य बहरत असताना रमाबाईंच्या अंतर्यामी मात्र समाधान नव्हते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. पाद्री म्हणून काही काळ काम केल्यानंतर आपले खरे परिवर्तन झालेलेच नाही, हे हॅस्लम यांना कळून चुकले होते. रमाबाईंना त्यात आपलेच प्रतिबिंब दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त आपल्याला गवसला नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःविषयी काढला. उपास आणि तीर्थांनी पुण्य मिळवावे ही जुनी धडपड त्यांनी नव्या धर्मातही सत्कर्मांच्या रूपाने चालूच ठेवली होती. तारण ही कमाई नसून देणगी आहे, हा विचार त्यांनी या टप्प्यावर मनोमन स्वीकारला. त्यांच्या आत्मपर लेखनात या अनुभवाला बाप्तिस्म्याहूनही अधिक महत्त्व आहे.

या परिवर्तनाचे पडसाद सदनात उमटले. रमाबाई आपल्या खोलीत मोठ्याने बायबल वाचीत, प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. कोणावरही सक्ती नाही आणि कोणाला मज्जावही नाही, असा रमाबाईंचा खुलासा होता. टीकाकारांचे म्हणणे निराळे होते. धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर पालकांनी मुली सोपविल्या होत्या आणि अल्पवयीन, निराधार मुलींवर संचालिकेच्या आचरणाचा प्रभाव पडणे अटळ होते. 'केसरी'ने हा प्रश्न लावून धरला. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदनातील काही विद्यार्थिनींनी पुढील काळात बाप्तिस्मा घेतल्याने ही दरी कायमची रुंदावली. आक्षेपात तथ्य होते, हे नाकारता येत नाही; तसेच स्वतःच्या खोलीतील प्रार्थनाही लपवावी, ही अपेक्षा रमाबाईंनी का मानली नाही, हेही त्यांच्या पूर्वायुष्यावरून समजते.

दुष्काळ आणि मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बालपणीची उपासमार विसरणे रमाबाईंना शक्य नव्हते. त्या स्वतः तेथे गेल्या आणि अन्नान्न झालेल्या, फसवणुकीला बळी पडण्याचा धोका असलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. या कामी सुंदरबाई पवार यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते. म्हणून शारदा सदनाला उत्पन्न मिळावे यासाठी केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर या मुलींची सोय करण्यात आली. तंबू आणि झोपड्यांतून मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ मध्ये असोसिएशनशी झालेल्या कराराची दहा वर्षे संपली आणि तटस्थतेचे बंधनही उरले नाही. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर येथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली.

शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी अनेक कामे स्त्रियाच चालवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅममध्ये पाहिलेल्या कामाचा तो भारतीय अवतार होता. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. मुक्ती कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाशी जोडलेली नव्हती. चेल्टनहॅममध्ये मांडलेली भूमिका रमाबाईंनी येथे संस्थेच्या रूपाने अमलात आणली.

१९०५ ची जागृती

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये आणि पाठोपाठ खासी टेकड्यांत धार्मिक जागृतीची लाट आली. केडगावात १९०५ च्या आरंभी सुमारे सत्तर जणी रोज विशेष प्रार्थनेसाठी एकत्र येऊ लागल्या. काही महिन्यांत हा आकडा साडेपाचशेवर गेला. जूनच्या अखेरीस मुक्तीमध्ये मोठी आध्यात्मिक खळबळ उडाली. मुली रडून पापांची कबुली देत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, हर्षाने गात. तासन् तास चालणाऱ्या या सभांनी बाहेरच्या पाहुण्यांना चकित केले.

काही युरोपीय मिशनऱ्यांना हा प्रकार अनावर भावनोद्रेकाचा वाटला. रमाबाई प्रथम साशंक होत्या; मात्र मुलींच्या आचरणात पालट दिसू लागल्यावर त्यांनी त्यांची पाठराखण केली. पाश्चात्त्यांची शांत उपासनापद्धती हीच एकमेव योग्य पद्धती नव्हे आणि भारतीय स्त्रीला आपल्या रीतीने ईश्वरापुढे व्यक्त होण्याचा अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अन्य भाषांत बोलण्याचे वरदान काही मुलींना लाभल्याचे वृत्त आले. तथापि ते प्रत्येक विश्वासणाऱ्यासाठी अनिवार्य चिन्ह आहे, हे त्यांनी मानले नाही.

जागतिक चर्चच्या इतिहासात या घटनेला आता वेगळे स्थान मिळाले आहे. पेंटेकोस्टल चळवळीचा उगम सामान्यतः १९०६ मधील लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीट सभांपासून सांगितला जातो. केडगावची जागृती त्यापूर्वीची आहे. मुक्तीतील अमेरिकी सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली. तिची प्रत चिली देशातील व्हालपराइसो येथे त्यांच्या मैत्रिणीकडे, मेथडिस्ट धर्मोपदेशक विलिस हूव्हर यांच्या पत्नीकडे, पोहोचली आणि १९०९ मध्ये तेथे सुरू झालेल्या चळवळीला तिने चालना दिली. ही चळवळ एकाच केंद्रातून जगभर पसरली नाही, याचा दाखला म्हणून अनेक अभ्यासक आज केडगावकडे पाहतात.

अशिक्षित स्त्रीसाठी बायबल

मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बायबल सोसायटीचे संपूर्ण बायबलही उपलब्ध झाले. परंतु मुक्तीतील दुष्काळग्रस्त, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांना त्याची संस्कृतप्रचुर भाषा कळत नसे. शिवाय त्यातील काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे जुने अर्थ चिकटलेले असल्याने मूळ आशय झाकोळतो, असे रमाबाईंचे मत होते. त्या शब्दांच्या छटा त्यांच्याइतक्या नेमकेपणाने जाणणारे भाषांतरकार विरळाच होते.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास आरंभिला. संस्कृत व्याकरणाची लहानपणापासूनची तालीम येथे उपयोगी पडली. हिब्रू भाषेचे व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केले. संस्थेचा कारभार, पत्रव्यवहार, बहिरेपणा आणि ढासळती प्रकृती सांभाळून भाषांतर चालू राहिले. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच केली. ज्यांना कधी अक्षर शिकण्याची अनुज्ञा नव्हती, त्यांच्याच हातून धर्मग्रंथाची पाने छापून निघू लागली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. आईचे कार्य पुढे नेणारी, तिच्या बहिरेपणात तिचे कान झालेली ही एकुलती एक कन्या गेल्यावरही रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबविले नाही. ते पूर्ण होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे सांगितले जाते. काम संपल्यानंतर अल्पावधीतच त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये संपूर्ण भाषांतर प्रकाशित झाले.

हे भाषांतर चर्चच्या उपासनेत फारसे रूढ झाले नाही. तेथे बायबल सोसायटीचीच आवृत्ती प्रामुख्याने वापरात राहिली. तरीही त्याचे मोल कमी होत नाही. संपूर्ण बायबलचे भाषांतर एकट्याने सिद्धीस नेणाऱ्या स्त्रिया जगात मोजक्याच आहेत. अमेरिकेच्या ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या परंपरेत रमाबाईंचे स्थान अग्रभागी आहे.

स्मरण

धर्मांतरामुळे महाराष्ट्राने रमाबाईंना दीर्घकाळ दूर ठेवले. राष्ट्रवादी इतिहासलेखनात त्यांचा उल्लेख त्रोटक राहिला आणि मिशनरी चरित्रकारांनी त्यांच्या शंकांपेक्षा त्यांच्या श्रद्धेलाच अधिक जागा दिली. पत्रव्यवहार प्रसिद्ध झाल्यानंतर दोन्ही चित्रांत दुरुस्ती होऊ लागली. ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले होते. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची मुक्ती मिशन ही संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी कार्यरत आहे.

ज्या इंग्लंडच्या चर्चशी त्यांनी उमेदीच्या काळात वाद घातला, त्याच चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस आता त्यांच्या स्मरणासाठी राखलेला आहे. तेथे त्यांची नोंद धर्मग्रंथाच्या भाषांतरकार अशी केली आहे.